पालकांना बोलवा

घरातून शेवटचा माणूस बाहेर पडला की घरात एकही बटण चालू दिसता कामा नये, हा बटणकाकांच्या संसाराचा पाया होता. फ्रिज आणि इंटरनेटचा डबा एवढ्यांनाच माफी होती. दिवा आणि पंखा तर सगळेच बंद करतात. बटणकाका टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद करायचे, चार्जरचं करायचे, आणि ज्या सॉकेटमध्ये कधीच काही खोचलेलं नसे त्याच्यावरूनही एकदा हात फिरवून घ्यायचे. उभी हयात वीज कंपनीत मीटर तपासनीस म्हणून गेलेली. "तो इवलासा लाल दिवा फुकट जळत नाही, बरं का," हे वाक्य त्यांनी इतक्या दारांत उभं राहून ऐकवलं होतं की इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नावच बटणकाका ठेवलं. त्यांना ते एखाद्या पदवीसारखं वाटे. आता पदवीच म्हटली तर ती मिरवायलाही नको का?

एकुलती एक लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली, तेव्हाही गाडी हलता हलता त्यांनी खिडकीशी तोंड नेऊन तिला सांगितलं, "खोलीतून निघताना बटणं बघत जा." बोलायचं होतं ते वेगळंच काहीतरी. पण जे कायम तोंडावर असतं तेच बाहेर पडलं.

पुढे फोनवरही तीच गत झाली. "जेवलीस?" "हो." "तब्येत?" "ठीक." "बाकी सगळं?" "ठीक, बाबा." यानंतर बटणकाका सुटका झाल्यासारखे फोन काकूंच्या हातात देत. काकूंचं बोलणं बराच वेळ चाले, पण त्यात बोलायच्या त्या काकूच. आपली पोर हळूहळू ओळखीच्या ग्राहकासारखी होत चालली आहे, नमस्कार-चमत्कार आहे पण आत काय चाललंय ते कळत नाही, ही गोष्ट बटणकाकांच्या जिवाला लागली होती. ती ते कोणाला सांगत नसत.

अशात एकदा ऑफिसातले रोखपाल सहज म्हणाले, "माझा भाचा आणि त्याचा मित्र दोन टोकांच्या दोन गावांत राहतात. गेमचं मशीन लावतात आणि तासन्‌तास बोलतात. समोरासमोर बसवा, तोंडातून शब्द फुटायचा नाही."

बटणकाकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. लेकीकडे असलं मशीन होतं हे त्यांना ठाऊक होतं; पहिल्या पगारात तिने ते घेतलं तेव्हा त्यांनी त्याचे वॅट विचारले होते. त्या रविवारी फोनवर "बाकी सगळं ठीक" झाल्यावर त्यांनी घसा साफ केला. "ते तुझं गेमचं मशीन. तसलंच मी घेतलं तर आपल्याला दोघांना खेळता येईल?"

 लेक हसली. किती दिवसांनी हसली ते बटणकाकांना आठवेना.

"बाबा, तुम्ही? खरंच? येईल की. दोघांनी मिळून खेळायचा एक गेम आहे, मजेशीर आहे. पुढच्या रविवारी पाचला खेळू. पण मशीन आधी तयार ठेवा हं. मागे व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी अख्खा वेळ तुमचा कान बघत होते. या वेळी नाहीच जमलं तर राहू दे, आपला फोन आहेच."

आपला फोन आहेच, हे वाक्य बटणकाकांना बोचलं. पुढच्या रविवारी मशीन चालू नाही झालं, तर जन्मभर "जेवलीस का" एवढ्यावरच भागवावं लागणार, हे त्यांना लख्ख दिसलं. ते लगेच बाजारात निघाले. निघताना अर्थातच सगळी बटणं बंद करून.

दुकानदाराने हसतमुखाने विचारलं, "नातवासाठी की नातीसाठी?"

"माझ्यासाठी."

"हो हो, हल्ली मोठी माणसंही घेतात," दुकानदार म्हणाला. दुखणं कितीही विचित्र असलं तरी घाबरू नका, असं डॉक्टर ज्या आवाजात सांगतात तोच आवाज. मग त्याने मशीनचे गुण सांगायला सुरुवात केली. चित्र किती स्वच्छ दिसतं, किती गेम साठतात, एक प्रकार डिस्कवाला आणि एक बिनडिस्कचा. बिनडिस्कच्या मशीनमध्ये सगळे गेम म्हणे इंटरनेटवरून येतात.

"म्हणजे विकत घेतलेली वस्तू ठेवायची कुठे?" बटणकाकांनी विचारलं. दुकानदाराने दोन्ही खोकी पुढे ठेवली. बटणकाकांनी डिस्कवालं घेतलं आणि सोबत लेकीने सांगितलेल्या गेमची डिस्क. ज्या वस्तूवर धूळ बसू शकते तीच आपल्या मालकीची, असं त्यांचं साधं मत होतं.

"आणि हा कंट्रोलर बघा, खेळताना हातात थरथरतो," दुकानदार कौतुकाने म्हणाला.

"थरथरतो? मग अर्थिंग तपासून घ्या."

घरी खोकं उघडलं. काकूंनी मशीनकडे सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "याला कव्हर नाही?" त्या घरात मिक्सरला कव्हर होतं, इस्त्रीला होतं, टीव्हीच्या रिमोटला होतं, उघडी अशी ती दोघंच काय ती राहिली होती. काकू एका ग्रंथालयात कामाला होत्या आणि पुस्तकांनाही त्यांच्या हातून कव्हराशिवाय सुटका नसे. संध्याकाळपर्यंत जुन्या पडद्याचं, खाली झालर असलेलं कव्हर मशीनच्या अंगावर चढलं. ते बघून मशीन जरा घरातलं वाटू लागलं, हेही खरं.

तेवढ्यात समोरच्या दारातले मुख्याध्यापक आले. ते निवृत्त झाले होते, पण फक्त शाळेतून. त्यांच्याकडे बटणकाकांच्या घराची जादा किल्ली असे, कारण दुपारी दोघं कामावर असताना गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी तेच घालत. मशीन पाहून त्यांनी डोळ्यांवर, मणक्यावर आणि चारित्र्यावर होणाऱ्या परिणामांची थोडक्यात कल्पना दिली. "सुरुवात अर्ध्या तासाने होते," ते म्हणाले, "मग माणूस जेवायला उठत नाही." बटणकाकांना मशीन कुठून चालू होतं तेच अजून सापडलं नव्हतं.

सापडलं, तेव्हा मशीनने जन्मतारीख विचारली. दिवस आणि महिना सरळ जमले. वर्षासाठी मात्र चालू सालापासून मागे मागे जायचं होतं, आणि बटणकाकांचा अंगठा चालू सालापासून थोडासाच मागे गेला असेल नसेल, तोच कंट्रोलर थरथरला. "करंट मारतोय," म्हणून त्यांनी तो सोफ्यावर टाकला. पडता पडता त्याचं कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि बटणकाका सहा वर्षांचे झाले. पडद्यावर एक हसरा ढग आला आणि त्याखाली ठळक अक्षरांत सूचना आली: तुम्ही अजून लहान आहात. कृपया आपल्या पालकांना बोलवा.

बटणकाकांचे वडील जाऊन बराच काळ लोटला होता. मदतकेंद्राला फोन केला, तिथल्या गोड आवाजाच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जन्मवर्ष बदलायला पालकांची विनंती लागेल, सर." शेवटी काकू चष्मा लावून पुढे आल्या आणि पालक झाल्या. त्या दिवसापासून बटणकाकांनी मशीनला हात लावला की काकूंच्या मोबाइलवर निरोप यायचा: तुमच्या मुलाला खेळायचं आहे. परवानगी द्यावी का? पहिल्या वेळी काकू इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. बटणकाका पेपर वाचत बसले. तो पेपर कालचा होता.

लेकीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण "मशीन आधी तयार ठेवा" असं बजावलेल्या पोरीला फोन करून "मी सहा वर्षांचा झालोय" हे कुठल्या तोंडाने सांगणार?

एवढं होऊनही खेळ सुरू होईना. मशीनला आधी अपडेट हवं होतं. घरचं इंटरनेट गोगलगायीचं, अपडेट अगडबंब, आणि रात्री काही चालू ठेवून झोपणं बटणकाकांना मंजूर नव्हतं, त्यामुळे दिवसभर मशीन चालू ठेवून कामावर जाणं एवढाच मार्ग होता. सोमवारी सकाळी काकू नेहमीप्रमाणे आधी निघून गेल्या. बटणकाकांनी अपडेट सुरू केलं, डबा घेतला, दार ओढलं आणि दिवसभर लोकांची मीटर तपासताना मनातल्या मनात आपल्या मशीनची प्रगती तपासत राहिले. संध्याकाळी येऊन बघतात तर मशीन ठार बंद. पुन्हा चालू केलं तेव्हा पडद्यावर: अपडेट अपूर्ण राहिले. पुन्हा सुरुवात करा.

मंगळवारी तेच झालं. बटणकाकांनी कव्हरवर बोट ठेवलं. "गुदमरलं ते. झालर कशाला लागते यंत्राला?"  काकूंनी कव्हर काढलं, चारी कोपरे जुळवून घडी केली आणि आपल्या कपाटात ठेवून दिली.  बुधवारी मशीन उघड्या अंगाने दिवसभर मोकळी हवा खात होतं, आणि संध्याकाळी तरीही बंदच होतं.

आता एकच शक्यता उरली, आणि ती बटणकाकांना आपल्या माहेरावर आळ घेण्याइतकी जड गेली. विजेचा पुरवठाच खराब असणार. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ते आपल्याच कंपनीच्या तक्रार खिडकीपुढे, बाहेरच्या बाजूने, रांगेत उभे राहिले. आतल्या नव्या मुलीने ग्राहक क्रमांक टाकला आणि म्हणाली, "काका, मीटर तुमच्या नावावर नाही."

"वडिलांच्या नावावर आहे."

"मग तक्रार त्यांनी करायला हवी. त्यांना पाठवून द्या ना."

"ते नाहीत."

"कधीपर्यंत येतील?"

मागच्या टेबलावरच्या साहेबांनी मान वर केली. "अहो, नाव बदलून नाही घेतलं अजून? लोकांना तर तुम्हीच दारोदार सांगत फिरता." रांगेतली दोन माणसं वळून बघू लागली. त्यातल्या एकाला हेच बटणकाकांनी गेल्या महिन्यात चांगलं खडसावून सांगितलेलं होतं.

एकाच आठवड्यात दोन ठिकाणी त्यांना वडिलांना घेऊन यायला सांगण्यात आलं होतं. जिन्यावरून खाली उतरताना त्यांना वडिलांची फार आठवण आली. आठवायला गेलं तर वडिलांचं एकच वाक्य कानात वाजत होतं: "बटण बंद केलंस?" माणूस प्रेमळ होता. तापात रात्ररात्र उशाशी बसायचा. पण बोलणं म्हणाल तर एवढंच. बटणकाका जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबले. आपल्या लेकीकडेही आपलं एवढंच वाक्य उरणार आहे, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना दुपारचं जेवण गेलं नाही.

शुक्रवारीही संध्याकाळी मशीन बंद सापडलं, तेव्हा त्यांचा तोल गेला. घराची किल्ली आणखी कोणाकडे असते? ते तडक समोरच्या दारात गेले. "राग मानू नका, पण दुपारी कुंड्यांना पाणी घालताना आमच्या हॉलमधल्या बटणांना आपला हात वगैरे लागतो का?"

मुख्याध्यापक आत गेले, किल्ली घेऊन आले आणि ती बटणकाकांच्या तळहातावर ठेवली. "अख्ख्या शाळेच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या," ते म्हणाले. "कधी कोणी विचारलं नाही." आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

शनिवार उजाडला. दोघांनाही सुट्टी होती. बटणकाकांचा चेहरा उतरला होता. उद्या रविवार, आणि अपडेटला अजून जवळजवळ अख्खा दिवस हवा होता. त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, भाजीची पिशवी घेतली आणि चपला घालता घालता काकूंना बजावलं, "त्या मशीनकडे फिरकूसुद्धा नकोस. कोणी आलं तर हॉलमध्ये बसवू नकोस." काकू घरातच होत्या, तरी बोलता बोलता ते रोजच्यासारखे घरभर फिरत गेले. बेडरूमचा पंखा, स्वयंपाकघरातला दिवा, चार्जर, टीव्ही, मशीन. टक, टक, टक. दार ओढून ते जिना उतरायला लागले.

काकू सोफ्यावर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांनी मशीनकडे पाहिलं. ते बंद होतं. त्या उठून दाराशी गेल्या. "अहो, जरा वर या."

बटणकाका वर आले.

"आता परत एकदा घराबाहेर पडून दाखवा बघू. रोज पडता तसे."

"म्हणजे काय? हा काय चावटपणा?"

"पडा तर खरं."

काकूंनी सगळी बटणं पुन्हा चालू केली. बटणकाकांनी पिशवी सावरली, कपाळाला आठ्या घातल्या आणि निघाले. बेडरूम, स्वयंपाकघर, चार्जर, टीव्ही. हात आपसूक पुढे गेला, मशीनच्या बटणावर टेकला आणि तिथेच थांबला. ते आपल्या हाताकडे बघत राहिले. जन्मभर ज्याच्याकडून काम करून घेतलं त्या हाताने आठवडाभर मालकाला न विचारता काम केलं होतं.

"पाचही दिवस?" त्यांनी हळूच विचारलं.

"घरातून शेवटी कोण निघतं?" काकू म्हणाल्या. हसण्यासारखं खूप होतं, पण त्यांचा पडलेला चेहरा बघून त्या हसल्या नाहीत. "जा तुम्ही भाजी आणा. मी बसते याच्यापाशी. आणि आल्यावर आधी समोर जाऊन या."

बटणकाका भाजी घेऊन आले ते थेट समोरच्या दारात गेले. "चूक झाली. बटण मीच बंद करत होतो," असं ते दारात उभं राहूनच म्हणाले आणि किल्ली पुढे केली. मुख्याध्यापकांनी ती लगेच घेतली नाही. वर्गाला जरा वेळ उभं ठेवायची सवय होती. मग म्हणाले, "ठीक आहे. पण तो थरथरणारा कंट्रोलर मला एकदा हातात धरून बघायचाय."

काकूंनी मशीन रात्रभरही चालू ठेवलं आणि रविवारी दुपारी अपडेट पूर्ण झालं. काकूंनी कपाटातून कव्हर काढलं, त्याची पाठ उसवून हवेला मोठी खिडकी ठेवली आणि पुन्हा चढवलं. बटणकाकांनी झालरीचं तोंड भरून कौतुक केलं. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं, जरा जास्तच वेळ.

पाचला कानाला हेडफोन लावून बटणकाका ताठ बसले. काकूंच्या मोबाइलवर निरोप आला: तुमच्या मुलाला खेळायचं आहे. काकूंनी एक तासाची परवानगी दिली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

"बाबा?" कानात अगदी जवळ लेकीचा आवाज आला.

"हं. आलो."

खेळ असा होता की दोन गोलमटोल माणसांनी एक भलामोठा सोफा अरुंद जिन्यावरून वरच्या मजल्यावर न्यायचा. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. बोलल्याशिवाय सोफा हलत नाही आणि न बोलता ओढला तर दोघंही गडगडत खाली येतात. बटणकाका पहिल्यांदा एकटेच खाली आले. मग दोघं आली. मग सोफा आला.

"बाबा, तुम्ही सांगा ना मला. मला मागचं दिसत नाहीये."

"थांब. आता डावीकडे. अगं, तुझं डावं. थोडा तिरका कर. वाकव. हं, आता उचल."

"उचलला."

"शाब्बास. कठडा सांभाळ."

पहिलं वळण पार पडलं. लेक हसत होती, बटणकाका घामाघूम झाले होते आणि कंट्रोलर थरथरला तरी त्यांनी तो सोडला नव्हता. दुसऱ्या वळणावर लेक सहज म्हणाली, "माझ्या कपाटाच्या वेळी तुम्ही हवे होतात. मी एकटीच जिन्यात अडकले होते त्याच्याबरोबर."

"कुठलं कपाट?"

"गेल्या महिन्यात खोली बदलली ना मी. आधीच्या जागेत पटेना. रडू यायचं रोज. मग एका दिवसात सामान उचललं आणि निघाले."

पडद्यावर बटणकाकांच्या गोलमटोल माणसाचा हात सुटला. सोफा थेट खालच्या मजल्यावर गेला. त्या दोघांनाही तिकडे बघायचं सुचलं नाही.

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत, सगळं ठीक? मी म्हटलं ठीक. मग पुढे काय बोलायचं ते मला कधी कळतच नाही, बाबा."

"मलापण कळत नाही," बटणकाका म्हणाले. हे त्यांनी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. "तू गाडीत बसलीस ना, तेव्हा मला बटणांचं नव्हतं बोलायचं."

"मग काय बोलायचं होतं?"

"जाऊ नकोस म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तू गेली नसतीस, म्हणून नाही म्हटलं."

 पडद्यावर हसरा ढग आला: तुमची खेळण्याची वेळ संपत आली आहे. मोठ्यांना विचारा. बटणकाकांनी मान वळवली. काकू स्वयंपाकघराच्या दारात मोबाइल धरून उभ्या होत्या. त्या कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी पदराने डोळे टिपले, चष्मा लावला आणि मोबाइलवर काहीतरी दाबलं. ढग निघून गेला.

"चल," बटणकाका म्हणाले, "खाली जाऊन सोफा उचल. आणि आधीच्या जागेत काय झालं ते पहिल्यापासून सांग. मला मागचं दिसतंय, मी बघतो."

सोफा वर पोचला तेव्हा स्वयंपाक होऊन निवला होता. जाताना लेक म्हणाली, "बाबा, मी मधूनच कधी खेळायला आले ना, की तुमच्या मशीनचा लाल दिवा पांढरा होतो. पण त्यासाठी ते भिंतीवरून बंद नसावं लागतं." आणि मग जरा थांबून म्हणाली, "राहू दे. तुम्हाला नाही जमायचं ते."

सोमवारी सकाळी काकूंची उशिराची पाळी होती. बटणकाका डबा घेऊन निघाले. बेडरूम, स्वयंपाकघर, चार्जर, टीव्ही, टक, टक. पाऊल दाराबाहेर पडलं, दार ओढलं गेलं, जिन्यावर चपला वाजल्या. मग त्या थांबल्या आणि पुन्हा वर आल्या. कुलपात किल्ली फिरली.

काकूंनी केस विंचरता विंचरता मान वळवून पाहिलं. "राहवलं नाही ना? या, करा बंद आणि जा एकदाचे."

बटणकाका चपला न काढताच हॉलमध्ये आले, वाकले, कव्हराची झालर बोटाने वर उचलून आत डोकावले.

"बंद करायला नाही आलो," ते म्हणाले. "चुकून बंद तर नाही ना केलं, ते बघायला आलो."

आत इवलासा लाल दिवा जळत होता. त्यांनी झालर सारखी केली आणि ते कामावर गेले.